फसवाफसवीची दुपार

एप्रिल अर्धा सरला की आमच्या मराठी विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. पंखा गरम हवाच गरगर फिरवत असतो, शिपाई माठात वाळ्याची जुडी टाकून जातो, आणि मी लाल पेन घेऊन खिडकीशी बसते. बाकीच्या प्राध्यापकांना या दिवसांचा कंटाळा येतो. मला भीती वाटते. विश्वसाहित्याच्या पेपरात एक प्रश्न दरवर्षी असतो, आणि तो मी शिकवलेल्या पुस्तकावरचा असतो.

पुस्तक इटलीतलं, सहा-सातशे वर्षांपूर्वीचं. शहरात प्लेग पसरलाय. माणसं रस्त्यात मरून पडतायत, भाऊ भावाच्या दारात जात नाही. तेव्हा दहा तरुण बायका-पुरुष शहर सोडून टेकडीवरच्या बागेत राहायला जातात आणि दहा दिवस रोज दहा गोष्टी सांगतात. रोज एकजण राजा किंवा राणी होतो आणि त्या दिवसाचा विषय ठरवतो. गोष्टी बऱ्याचशा हसवणाऱ्या, चावट, ठकांच्या, लबाड बायकांच्या. पोरांना त्या फार आवडतात. पूर्वी मलाही आवडायच्या. आता मी त्या भराभर उरकते, कारण मला त्या बागेत फार वेळ थांबवत नाही.

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात आम्हीही असेच रानात जाऊन राहिलो होतो. कोडोलीला, गावापासून लांब, दादाच्या मळ्यात. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कोल्हापुरात आमच्या गल्लीत एकाआड एक दारं बांबूंनी बंद झाली, तेव्हा त्यानंच फोन केला. "आईला आनि पोरीला घेऊन इकडं ये. शेरात काय मरायला थांबलीयास व्हय?" दादाचं प्रेम असंच, दोन शिव्यांच्या मधोमध. माझे यजमान नोकरीमुळे शहरातच अडकले. मी, चौदा वर्षांची अदिती आणि आई अशा तिघी दादाच्या जीपमधून मळ्यावर गेलो. तिथं पत्र्याच्या दोन खोल्या, गोठा, विहीर, आणि अंगणात दोन मोठे हापूस. आई म्हणाली, "माझा बाप प्लेगात असाच रानातल्या खोपीत जन्मला होता." ती ते इतक्या सहज म्हणाली की गावं अशी अधूनमधून रानात जातात आणि परत येतात, त्यात काही विशेष नाही, असं मला वाटलं.

तो उन्हाळा आठवतो तो असा: उसाला पाणी पाजल्यावर येणारा गार वास. पत्रा तापला की त्याचा टक्-टक् आवाज. लांबवर दिसणारा जोतिबाचा डोंगर, ज्यावर त्या चैत्रात गुलाल उडाला नाही. दारात वाळत घातलेल्या चिंचा. आणि मधूनच वारणेच्या रस्त्यानं ओरडत जाणारी गाडी. तिचा आवाज आला की सगळे बोलायचे थांबत. गाडी कोडोलीकडं वळली की कोल्हापूरकडं गेली, याचा अंदाज घेऊन मग पुन्हा बोलणं सुरू होई.

दुपार मात्र जाता जात नव्हती. फोनला रेंज फक्त विहिरीच्या काठावर यायची, आणि तिथून आलेलं माणूस कुणाचं तरी नाव घेऊनच यायचं. मग मीच खूळ काढलं. त्या पुस्तकातली बाग घरच्यांना सांगितली आणि म्हटलं, आपणही करू. रोज एकजण पाटील. पाटील सांगेल तो विषय. जेवणं झाली की आंब्याखाली बसायचं आणि गोष्ट सांगायची. दादाला कल्पना भयंकर आवडली, कारण पाटील व्हायची त्याला हौस होती.

आईनं तेवढा मोडता घातला. "दिवसाढवळ्या गोष्टी सांगू नयेत. मामा वाट चुकतो."

आमच्याकडं हे पूर्वापार म्हणतात. कामाच्या वेळी पोरांनी गोष्टींचा हट्ट धरू नये म्हणून कुणीतरी काढलेली भीती, दुसरं काय. पण अदितीनं दादाकडं पाहिलं. तिचा मामा तोच.

दादा हसला. "मामा कुटं जातोय गं? डेअरीला दूध घालतो आनि परत येतो. वाट काय चुकायची हाय त्यात? सांगा की!"

गोष्टींना एक नियम वहिनीनं घातला. दादाची बायको, उज्ज्वला वहिनी, गगनबावड्याची. तिच्या माहेरी चार महिने पाऊस दार उघडू देत नाही, त्यामुळे गोष्टी सांगण्याची शिस्त तिच्या अंगात मुरलेली. गोष्ट चालू असताना कुणीतरी हुंकार द्यायचाच. प्रत्येक वाक्यामागं "हं". हुंकार थांबला की सांगणाऱ्यानं थांबायचं. "न्हायतर काय भिंतीला सांगायची?" ती म्हणाली. हुंकार देण्याचं काम अर्थातच तिच्याकडं आलं. हातानं चिंचा फोडायची, चिंचोके बाजूला करायची, आणि तोंडानं हं, हं. तिच्या हुंकारात इतक्या तऱ्हा होत्या, की गोष्ट कुठं लांबवावी आणि कुठं आवरावी, ते सांगणाऱ्याला त्यावरूनच कळायचं.

शेजारच्या मळ्यातले अण्णा येऊन लांब बांधावर बसत, तोंडाला उपरणं बांधून. जैन घरातले, साठीचे, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे होणारे, आणि गोष्टी मात्र अशा सांगणारे, की आईला पदरात तोंड लपवावं लागायचं. दादानं आपल्या पाटीलकीत भुतांचा विषय दिला आणि स्वतःच्याच गोष्टीला सगळ्यांत जास्त घाबरला. आम्ही इतके हसायचो की मला कधीकधी लाज वाटायची. गावात मौती चालल्या होत्या आणि आंब्याखाली आमचा हा दंगा.

दादा रोज दोनदा गावात जायचा. दूध थांबत नाही. आम्ही जाऊ नये म्हणून किराणा तोच आणायचा, आईच्या गोळ्या तोच आणायचा. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी तो अंघोळ करून बाहेर आला आणि कुडकुडायला लागला. वैशाखात. त्या दिवशी त्यानं आमच्यापासून लांब, गोठ्यात खाट टाकली. चौथ्या दिवशी अण्णांनी त्याला जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेलं. जाताना दादानं अदितीला लांबूनच हात केला. "पाटलीनबाई, माझी पाळी राखून ठेवा." वहिनी जीपमागं बांधापर्यंत गेली आणि परत येऊन म्हशीला पाणी दाखवायला लागली.

दवाखान्यात कुणाला थांबू देत नव्हते. वहिनीकडं साधा बटणांचा फोन, म्हणून माझा नंबर तिथं लिहून दिला होता. आम्ही गोष्टी बंद केल्या नाहीत. बंद कराव्यात असं आई म्हणाली, पण वहिनीनंच ऐकलं नाही. "बंद केलं तर दुपारभर मी काय करू?" तिचा प्रश्न बरोबर होता. दादा तिकडं आठ दिवस होता आणि ती इकडं आठही दिवस हं म्हणत होती.

नवव्या दिवशी मी पाटील होते. आदल्या दिवशीच मी विषय देऊन ठेवला होता, अण्णांच्या आग्रहाखातर. फसवाफसवी.

बाराच्या सुमारास मी विहिरीच्या काठावर गेले. फोन हातातच वाजला. वॉर्डातला कुणी कर्मचारी होता, तरुण आवाजाचा, फार दमलेला.

"पेशंटच्या कोण तुमी?"

"बहीण."

"गेले बगा ते, बाई. पावणेबाराला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तोंड बगनार काय? दावतो मी. मिसेस हायत काय जवळ? त्यांनाबी बोलवा. चारपर्यंत हितं हायत, मग गाडी येती. चारपर्यंत कवाबी फोन करा, मी हाय ड्युटीला."

त्यानं व्हिडिओ चालू करून फोन फिरवला आणि मी दादाला पाहिलं. त्या मुलाला मी म्हटलं, थोड्या वेळानं करते. त्याच्या चांगुलपणाला मी एवढंच उत्तर दिलं.

परत आले तर पानं वाढलेली. गरम भाकरी, वांग्याची भाजी, कांदा फोडून ठेवलेला. वहिनीनं विचारलं, "कुनाचा फोन, वन्सं?"

जेवायच्या आधी अशी बातमी सांगायची नाही, ही आमच्याकडची रीत. एकदा कळलं की घरात चूल पेटत नाही, माणूस अन्नाला शिवत नाही. म्हणून बातमी घेऊन आलेला माणूस गप्प उभा राहतो, समोरच्याला पोटभर जेवू देतो, हात धुवू देतो, आणि मग तोंड उघडतो. मी लहानपणापासून हे बघत आले होते. माझ्या वडिलांच्या वेळी मलाही असंच जेवू घातलं होतं.

"कॉलेजचा," मी म्हटलं.

वहिनी दीड भाकरी जेवली. मी मोजत होते असं नाही, पण ते मला आठवतं. मी भाकरीचे तुकडे करत होते आणि आई म्हणत होती, उन्हात कशाला जातेस काठावर. वहिनीनं भांडी विसळली, हात पुसले. आता सांगायचं, मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात तिनं चिंचांची पाटी ओढली, दगड घेतला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "चला पाटील. आज तुमची पाळी."

अण्णा बांधावर येऊन बसलेच होते. अदिती मांडी घालून तयार. एक छोटी गोष्ट सांगावी आणि मग वहिनीला आत न्यावं, असं मी ठरवलं. एक बाई असते, मी सुरुवात केली. भारी चिक्कू. तिच्या दारात एकच कोंबडा असतो. पाहुणा आला की ती तो कोंबडा त्याला दाखवते, म्हणते, पावणं, तुमच्यासाठीच राखलाय. मग असं काही करते, की पाहुणा कोंबडा न खाताच पळून जातो. पहिल्याला सांगते, याला रात्री साप चावला. दुसऱ्याला सांगते, हा देवाला सोडलाय, फक्त तुम्ही नवस फेडायला डोंगर चढून या.

"हं," वहिनी म्हणायची. ठक, चिंच फुटायची.

तीन पाहुण्यांत गोष्ट संपणार होती. मला ती संपवता येईना. तिसरा पाहुणा गेला तसा मी चौथा आणला. पाचवा आणला. ती एकदा हं म्हणाली की माझं पुढचं वाक्य आपोआप तयार व्हायचं. तोवर तिच्या कपाळावर कुंकू होतं, हातात चुडा होता, आणि समोर बसून ती माझ्या कोंबड्याची काळजी करत होती. सातव्या पाहुण्याला त्या बाईनं कोंबड्याशीच बोलायला लावलं, तेव्हा वहिनी हसली. नुसती हसली नाही. दगड खाली ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पोट धरून हसली. "अगं बाई, वन्सं, पुरे!" म्हणाली, आणि लगेच, "फुडं?"

अण्णांच्या मनगटावर घड्याळ होतं. माझी नजर पुन्हा पुन्हा तिकडं जायची. तीन. सव्वातीन. पावणेचार. त्या वेळी उठून तिला हाताला धरून विहिरीवर नेलं असतं, तरी चाललं असतं. मी आठवा पाहुणा आणला, मग नववा. चार वाजून गेले तेव्हा माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. खरं तेच सांगते, मला हायसं वाटलं. आता धावपळ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोंबडा म्हातारा होऊन मेला असं सांगून मी गोष्ट आवरली.

पाचला मी विहिरीवर जाऊन आले आणि वहिनीला सांगितलं. तिचे हात चिंचेनं चिकट झालेले होते. ती रडली नाही. हात तसेच पुढं धरून उभी राहिली.

"कवा?"

"आत्ता. पाचला."

"तोंड दावत न्हाईत काय?"

"नाही," मी म्हटलं. "तशी सोय नाही म्हणाले."

दोन खोट्या गोष्टी, लागोपाठ, अगदी सहज. दुपारभर सराव झाला होता.

त्यानंतर वर्षं गेली. लोक मास्क विसरले, बांबू काढले, गुलाल पुन्हा उडाला. आई आता माझ्याकडं असते. अदिती कॉलेजात गेली, पण दिवसा कुणी गोष्ट सांगायला लागलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नाही. मला वर्गात शिकवताना भीती वाटते ती पुढच्या बाकावरच्या मुलींची. त्यांतली एखादी लक्ष देऊन ऐकते आणि नकळत "हं" म्हणते. माझं वाक्य तिथंच तुटतं. पोरं समजतात, मॅडमचं वय झालं.

वहिनी मळ्यावरच राहिली. मूलबाळ नाही, दोन म्हशी, अण्णांचा आधार. मी सणावारी जाते. तिथं मला एकच गोष्ट सहन होत नाही. संध्याकाळचे पाच वाजले की वहिनी हातातलं काम टाकते. धार अर्धी असली तरी उठते. तांब्याभर पाणी घेते, तुळशीला घालते, निरांजन लावते आणि दक्षिणेकडं तोंड करून हात जोडते. पाच म्हणजे पाच. एकदा मोटर जळाली आणि सगळे विहिरीवर धावत होते, तेव्हासुद्धा ती आधी तुळशीपाशी गेली. "त्येंची येळ हाय," म्हणते. ती वेळ मी दिलेली. एका बाईची रोजची पूजा माझ्या थापेवर उभी आहे, आणि मी तिच्या शेजारी उभी राहून हात जोडते.

परवा उत्तरपत्रिका तपासत होते. प्रश्न नेहमीचाच: बागेतले दहाजण गोष्टी का सांगतात? बहुतेकांनी मी लिहून दिलेलं उत्तर उतरवलं होतं. जगण्याची उमेद, कलेची शक्ती वगैरे. एका पोरीनं एकच वाक्य लिहिलं होतं. त्यांना शहरातली बातमी ऐकायची नव्हती. दहापैकी किती द्यावेत, याचा विचार करत मी बसून राहिले. मग गठ्ठा बांधून कपाटात ठेवला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मध्यवर्ती स्टँडवर जाऊन कोडोलीची एसटी धरली.

मळ्यावर पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. वळवाचे ढग भरून आले होते आणि वारा उसात शिरत होता. वहिनी वैरण टाकत होती. "काय वो, अवचित? फोन तरी करायचा," म्हणाली. चहा झाला. आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मी काय बोलत होते, मलाच कळत नव्हतं. पाच वाजायला आले, तिनं कप खाली ठेवला, तांब्या भरून घेतला आणि तुळशीकडं निघाली.

"वहिनी," मी म्हटलं, "पाचला नव्हे."

ती थांबली. "काय पाचला न्हवं?"

मी सांगायला लागले. फोन बाराला आला. दादा पावणेबाराला गेला. तो वॉर्डातला मुलगा चारपर्यंत दाखवतो म्हणाला होता. तुम्हाला बोलवा, असं त्यानंच सांगितलं होतं. तुम्ही जेवत होता म्हणून थांबले, मग गोष्ट सुरू झाली, मग मला थांबता आलं नाही. मी सलग बोलत गेले. ती हं म्हणाली नाही. तुळशीच्या कट्ट्यावर बसली, तांब्या मांडीवर धरून, आणि समोर आंब्याच्या बुंध्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ती ओरडेल. तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"हसलेली मी त्या दुपारी," ती म्हणाली. "तुमच्या त्या कोंबड्याला."

"हो."

"पोट धरून हसलेली. आनि त्ये तिकडं पडलेलं."

"हो, वहिनी."

"तुमी हसू दिलंसा मला."

माफ करा असा शब्द तोंडाशी आला होता, पण तो त्या जागी इतका लहान होता की मी गिळून टाकला. वारा थांबला. गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती.

"तुमी बगितलंसा तोंड?" तिनं विचारलं.

"बघितलं."

"सांगा मग. कसं हुतं?"

मी कुणालाही, आईलासुद्धा, हे कधी सांगितलं नव्हतं. "दाढी वाढलेली होती," मी म्हटलं. "पांढरी."

"रोज करायचं त्ये. फुडं?"

"नाकावर मास्कचा वळ होता. केस ओले होते, कुणीतरी मागं सारलेले."

"भांग?"

"नव्हता."

तिनं मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं. "अंगावर?"

"हिरवी चादर. गळ्यापर्यंत."

"आनि डोळं?"

इथं मी अडखळले. मिटलेले होते, शांत झोपल्यासारखा दिसत होता, असं सांगता आलं असतं. इतकी वर्षं मी माझ्या मनाशी तेच सांगत आले होते. पण वहिनी माझ्याकडं बघत होती, आणि त्या दुपारी मी तिच्याकडं बघत खोटं बोलले होते.

"उघडे होते," मी म्हटलं. "अर्धे."

वहिनी तांब्यातल्या पाण्याकडं बघत राहिली.

"म्हंजी वाट बगत हुतं त्ये माझी," ती म्हणाली. "चारपातूर."